मोठ्या हॉटेलात पहिल्यांदा जेवायला जाताय? भीड घरी ठेवून जा

बाबा एसटीत कंडक्टर होते. ते निवृत्त झाले तेव्हा मी ठरवलं, आई-बाबांना कऱ्हाडहून बोलवायचं आणि मुंबईतल्या एका पंचतारांकित हॉटेलच्या भारतीय रेस्टॉरंटमध्ये जेवायला न्यायचं. गेलो चौघं. जेवण झकास होतं. मी मात्र सगळा वेळ अवघडून बसले होते. वेटर काही विचारी आणि मी "हो, हो" म्हणे, कारण "नाही" म्हटलं किंवा "केवढ्याला?" विचारलं तर आपण पहिल्यांदाच आलोय हे कळेल, अशी धास्ती. त्या "हो, हो"चा हिशेब नंतर मांडला, तर सुमारे ४,४०० रुपये निघाले. भीड भिकेची बहीण म्हणतात, ती मला त्या रात्री भेटली.

त्यानंतर अशा ठिकाणी बऱ्याचदा जाणं झालं, कधी ऑफिसच्या कामाने, कधी हौसेने. काटा कुठल्या हातात धरायचा याची सगळे काळजी करतात. त्याने एक रुपयाचंही नुकसान होत नाही. नुकसान होतं ते न विचारल्याने. म्हणून हे टिपण.

१. आधी ठरवा: हॉटेलातलं की स्वतंत्र?

वरच्या दर्जाची भारतीय रेस्टॉरंटं ढोबळमानाने दोन जातींची. एक, मोठ्या हॉटेलांच्या आतली. दिल्लीच्या आयटीसी मौर्यमधलं बुखारा हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं, १९७०च्या दशकापासून चालू. तिथे तंदूरचा कारभार, आणि रात्रभर मंद आचेवर ठेवलेली काळ्या उडदाची डाळ. त्याच धर्तीचं पेशावरी मुंबईत विमानतळाजवळ आयटीसी मराठामध्ये आहे, आणि अवधी, म्हणजे लखनौकडच्या, पद्धतीचं दम पुख्तही तिथेच. हॉटेलचं नाव मराठा, पण नाव काढतात ते पेशावरच्या आणि लखनौच्या जेवणाचं. आपल्या जेवणाला पंचतारांकित पाट अजून तसा क्वचितच मिळतो. असो, तो वेगळा विषय.

दुसरी जात स्वतंत्र रेस्टॉरंटांची. लोअर परळच्या कमला मिल्समधलं बॉम्बे कॅन्टीन हे २०१५ पासूनचं. देशातल्या निरनिराळ्या प्रांतांचे पदार्थ नव्या रूपात देतात. महालक्ष्मीचं मास्क त्याहून वेगळं. तिथे मुख्य जेवण म्हणजे शेफने ठरवलेला दहाएक छोट्या पदार्थांचा क्रम, ज्याला टेस्टिंग मेन्यू म्हणतात. कार्ड बघून "एक पनीर, दोन रोटी" असं तिथे नसतं.

आई-वडिलांना पहिल्यांदा नेत असाल तर माझं मत सरळ आहे: टेस्टिंग मेन्यूच्या वाटेला जाऊ नका. अडीच-तीन तास बसायचं, दर वीस मिनिटांनी एवढंसं काहीतरी येणार आणि प्रत्येक वेळी त्यावर भाषण. माझ्या आईने सातव्या पदार्थानंतर विचारलं असतं, "जेवण कधी वाढणार?"

२. भाव घरीच काढा, करासकट

बहुतेकांचा मेन्यू वेबसाइटवर असतो. किमतीखाली बारीक अक्षरात "कर वेगळे" लिहिलेलं असतं आणि खरी गंमत त्यात असते.

स्वतंत्र रेस्टॉरंटला जेवणावर साधारण ५ टक्के जीएसटी लागतो. खोलीचं भाडं रात्रीला ७,५०० रुपयांच्या वर जातं अशा हॉटेलातल्या रेस्टॉरंटला १८ टक्के. म्हणजे ६,००० रुपयांचं जेवण एकीकडे ६,३०० ला पडतं आणि दुसरीकडे ७,०८० ला. ताटात फरक नाही, कागदावर आहे. दारू जीएसटीत येत नाही. तिच्यावर राज्याचा व्हॅट लागतो, म्हणून बिलात ती वेगळी दिसते.

माझी रीत अशी: मेन्यू उघडायचा, माणशी एक स्टार्टर, दोघांत एक भाजी किंवा डाळ, दोन रोट्या, दोघांत एक गोड असं गणित मांडायचं आणि त्यावर पंचवीस टक्के चढवायचे. तेवढे पैसे गेले तर आपल्याला वाईट वाटणार आहे का, हे घरच्या सोफ्यावर बसून ठरवायचं. तिथे मेन्यू हातात घेऊन डावीकडचं न वाचता उजवीकडचे आकडे वाचत बसलं, की जेवणाची मजा गेली.

३. टेबल बुक करताना

ॲपवरून होतं, पण पहिल्या खेपेला फोन करा. फोनवर विचारायच्या गोष्टी:

- टेबल किती वेळ आपलं? शनिवार-रविवारी पुष्कळ ठिकाणी सातची आणि साडेनऊची अशा पाळ्या असतात. आपण पावणेआठला पोचलो तरी नऊच्या सुमाराला बिल समोर येतं.
- आगाऊ पैसे घेता का? न आल्यास कापता का? किती तास आधी रद्द करता येतं?
- बाहेरून केक आणला तर चालतो का, आणि कापायचे पैसे लावता का? (लावतात. मला ऐकूनही खरं वाटलं नव्हतं.)
- गुडघेदुखीवाल्यांसाठी पायऱ्या किती, लिफ्ट आहे का, खुर्च्या सोफ्यासारख्या खोलगट आहेत की उंच?

आणि आपण सांगायच्या गोष्टी: कोण शाकाहारी, कोण कांदा-लसूण खात नाही, कुणाला कशाची ॲलर्जी. काजूची असेल तर दोनदा सांगा. उत्तरेकडच्या पांढऱ्या आणि केशरी रश्श्यांत काजूची पेस्ट सर्रास असते आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

एक सापळा आपला घरचाच आहे. तारीख ठरवण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर बघा. मी मोठ्या मिनतवारीने मिळवलेलं पहिलं बुकिंग नेमकं संकष्टीला होतं. आईचा उपास, बाबांचा नाही, आणि चंद्रोदय साडेनऊनंतर. बुकिंग बदलताना फोनवरच्या मुलीला कारण काय सांगायचं म्हणून मी "फॅमिली इमर्जन्सी" म्हटलं. ती म्हणाली, "संकष्टी ना मॅडम? आज पाचवा फोन." श्रावण, चतुर्मास, कुणाचा गुरुवार, कुणाचा शनिवार, सगळं आधी विचारून घ्या.

४. काय घालायचं, काय न्यायचं

कपड्यांचा बाऊ करू नका. पुरुषांनी हाफ पँट आणि स्लिपर घालायची नाही, एवढं पाळलं की जवळपास सगळीकडे चालतं. बाबा नेहमीचा पांढरा शर्ट आणि काळी पँट घालून आले, आई इरकलीत. त्या दालनात सगळ्यात रुबाबदार तीच दिसत होती.

पिशवीत मात्र एवढं असू द्या:

- वाचायचा चष्मा. अशा ठिकाणी उजेड इतका कमी असतो की चाळिशीपुढच्या माणसाला मेन्यू दिसतच नाही. मोबाइलचा टॉर्च लावायला संकोच नको, शेजारच्या टेबलावरही कुणीतरी लावलेला असतो.
- शाल किंवा स्वेटर. एसी गारठवतो.
- जेवणाआधीची गोळी. जेवण यायला चाळीस मिनिटं सहज लागतात, त्यामुळे मधुमेह असेल तर गोळीची वेळ त्या बेताने धरा आणि निघताना घरी थोडं काहीतरी खाऊन घ्या.
- वयाचा पुरावा, तरुण मंडळी काही पिणार असतील तर. महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ आणि त्यावरच्या कडक मद्याला २५ वर्षं पूर्ण लागतात.
- ऑफिसच्या नावाने बिल हवं असेल तर कंपनीचा जीएसटी क्रमांक. बिल छापण्याआधी द्यायचा, नंतर कटकट होते.
- पन्नास-शंभरच्या नोटा.

गाडी नेलीत तर दारातच चावी घेतात आणि चिठ्ठी देतात. त्या चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा.

५. बसल्या बसल्या पहिला प्रश्न: पाणी

"स्टिल ऑर स्पार्कलिंग, मॅम?" असं विचारतात, म्हणजे बाटलीतलं साधं की बुडबुड्यांचं. दोनच पर्याय ऐकू येतात आणि दोन्ही विकतचे. तिसरा पर्याय असतो साधं, गाळलेलं पाणी. ते मागायचं: "रेग्युलर वॉटर द्या."

मी तेव्हा "स्टिल" म्हटलं. काचेची बाटली आली. पेल्यातलं पाणी दोन बोटं खाली गेलं की कुठूनतरी एक हात यायचा आणि भरून जायचा. बाबांना वाटलं, काय हो आदबशीर माणसं! त्या आदबीच्या चार बाटल्या झाल्या, ३७५ रुपयांची एक. करासकट १,७७०. हे मला कळलं कधी, तर पुढच्या आठवड्यात आई माझ्या पर्समध्ये सुटे शोधत होती तेव्हा. तिला बिल सापडलं. चष्मा लावून तिने ते वाचलं आणि म्हणाली, "अगं, आपण पाणीच जास्त जेवलो की!"

छापील किमतीपेक्षा जास्त घेतात म्हणून भांडायला जाऊ नका. हॉटेलं आणि रेस्टॉरंटं बाटलीबंद पाणी एमआरपीच्या वर विकू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मान्य केलेलं आहे. बसायची जागा, वाढणारा माणूस हे सगळं त्यात धरलं जातं. बाटली न उघडू देणं एवढंच आपल्या हातात.

पाण्यापाठोपाठ पापड-चटण्यांची टोपली येते. काही ठिकाणी ती फुकट असते, काही ठिकाणी नसते. "हे कॉम्प्लिमेंटरी आहे का?" हे वाक्य आरशासमोर म्हणून बघा, एकदा तोंडात बसलं की आयुष्यभर उपयोगी पडतं.

६. मागवताना

सगळ्यात जास्त घसरगुंडी इथे होते, म्हणून जरा सावकाश.

एकदम सगळं मागवू नका. कबाब आधी येतात आणि ते पोटभरीचे असतात. एका प्लेटीत तुकडे किती, हे विचारा. चौघांत तीन तुकड्यांची प्लेट आली की चौथा "मला नकोच होतं" म्हणतो आणि तो चौथा नेहमी आईच असते. रान, म्हणजे बकऱ्याची अख्खी तंगडी, तीन-चार जणांना पुरते. दोघांत मागवली तर बाकी काही खाता येणार नाही. काकोरी आणि गलौटी हे कबाब इतके मऊ असतात की दात लागतच नाहीत. दात पडलेल्या नवाबासाठी गलौटी केला गेला, अशी गोष्ट सांगतात. बाबांची कवळी नवीन होती, त्यामुळे त्यांना ती गोष्ट फार पटली.

आता मोठा सापळा. वेटर हसतमुखाने सांगतो, "आज शेफने खास कोळंबी केलीय, ताजी आलीय." कार्डात ती नसते, म्हणजे किंमतही नसते. मी अर्थातच "हो, हो" म्हटलं. २,२०० रुपये अधिक कर, सहा कोळंब्या. उत्तम होत्या, पण किंमत आधी कळली असती तर मी मागवल्या नसत्या. तोंडी सांगितलेल्या प्रत्येक पदार्थाची किंमत विचारायचीच. खेकडा, लॉब्स्टर यांच्यापुढे कार्डात आकड्याऐवजी "बाजारभावाप्रमाणे" असतं. तिथे वजन आणि एकूण रक्कम, दोन्ही विचारा. मासेवालीकडे विचारतोच ना आपण? मग इथे का नाही?

तिखटाबद्दल: ही जेवणं आपल्या जिभेला सौम्य लागतात. तुपाची, केशराची, केवड्याची चव पुढे असते. कऱ्हाड-कोल्हापूरकडच्या माणसाने पहिल्या घासाला "यात मीठ-मिरची नाही का" म्हणू नये, दोन घास थांबावं. तरी नाहीच जमलं, तर हिरवी मिरची आणि चिरलेला कांदा मागा. कुठेही देतात आणि सहसा फुकट देतात.

काळी डाळ मात्र सोडू नका. अखंड उडीद, टोमॅटो, लोणी, साय आणि तासन्‌तास मंद आच. चमचा उचलला तर ती ओघळत नाही, जडपणे घसरते. एक वाटी दोघांना बास, तिसऱ्या घासापासून पोट बोलायला लागतं.

दम बिर्याणी मागवलीत तर टेबलाशी हंडी उघडतात, ते बघा. तोंडाला कणकेची दोरी लावून झाकण बंद केलेलं असतं. वेटर सुरीने ती कड कापत नेतो, झाकण वर येतं आणि वाफेचा एक लोट सरळ तोंडावर. आमच्या शेजारच्या टेबलावरच्यांनी मोबाइल काढून ठेवले होते. आईचं लक्ष कापलेल्या कणकेकडे. "एवढी कणीक टाकून देणार?" तिने मला विचारलं, ते वेटरने ऐकलं. "हो काकू, टाकतो," तो मराठीत म्हणाला, "माझी आई पण हेच विचारते."

तो निघाला चिपळूणकडचा. तिथून पुढचं जेवणच बदललं. बाबांनी त्याला त्याच्या गावची एसटी कुठून सुटते हे सांगितलं. त्याने आम्हाला सांगितलं की तुम्ही मागवलेल्या दोन भाज्यांचा रस्सा जवळपास एकच आहे, एक कमी करा. एक हजार वाचले. मुंबई-पुण्यात वाढणाऱ्यांत आपल्याकडचे कितीतरी असतात. इंग्रजीत अडखळण्यापेक्षा सरळ मराठीत सुरुवात करून बघा.

७. खाताना

हाताने खा. रोटी काट्याने तोडणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. बुखारामध्ये तर गळ्यात ॲप्रन बांधतात आणि हातानेच खाण्याचा रिवाज आहे.

रुमाल मांडीवर. मध्येच उठलात तर खुर्चीवर. संपलं असेल तर काटा-चमचा ताटलीत शेजारी शेजारी ठेवा, नाहीतर "उचलू का?" विचारत राहतात. वाढणाऱ्याला चुटकी नको, "शुक शुक" तर नकोच. नजरेला नजर दिली की येतात.

उरलं तर बांधून मागा. काही हॉटेलं त्यासाठी एका कागदावर सही घेतात, की घरी नेल्यावर बिघडलं तर आमची जबाबदारी नाही. घाबरू नका, सही करा. ती डाळ दुसऱ्या दिवशी भाकरीबरोबर जास्त चांगली लागते. बुफेचं मात्र बांधून देत नाहीत.

८. बिल

आधी "बिल कोण देणार" हा मराठी प्रश्न मिटवा. मामा, काका बरोबर असतील तर हातघाई ठरलेली. जेवण संपत आलं की हात धुवायला म्हणून उठा आणि काउंटरवर कार्ड देऊन या. बाई असाल तर हे जास्तच करा, कारण बिलाचं पाकीट हमखास नवऱ्यापुढे ठेवतात. माझा नवरा ते शांतपणे माझ्याकडे सरकवतो.

मग बिल वाचा. सगळं. तीन गोष्टी विशेष बघायच्या:

- न खाल्लेलं काही लावलंय का.
- सर्व्हिस चार्ज. तो कर नाही, सरकारला जात नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सूचना काढल्या की तो बिलात आपोआप लावता येणार नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या. तरी कुठे कुठे १० टक्के लावलेला दिसतो, आणि वर त्यावरही जीएसटी. "सर्व्हिस चार्ज काढून द्या" एवढंच म्हणायचं. बहुतेक वेळा काढतात. नाहीच काढला तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.
- कार्डाच्या मशीनवरचा आकडा. पिन टाकण्याआधी तो आणि बिलावरचा आकडा एकच आहे ना, बघा.

सर्व्हिस चार्ज नसेल आणि वाढणाऱ्याने मनापासून केलं असेल, तर पाच ते दहा टक्के टिप रोख, त्याच्या हातात. फोन नंबर मागतात, तो देणं सक्तीचं नाही.

पहिल्या वेळी मी बिल बाबांपासून लपवलं होतं. आकडा बघून त्यांचं जेवण कडू होईल असं वाटलं. दुसऱ्या वर्षी आईच्या साठीला पुन्हा त्याच ठिकाणी गेलो, साधं पाणी प्यायलो, आणि बिल आलं तेव्हा मी पाकीट त्यांच्याच हातात दिलं. त्यांनी खिशातलं पेन काढलं. ड्युटी संपल्यावर तिकिटांच्या हिशेबाचं वेबिल तपासायचे तसे एकेका ओळीवर पेनाचं टोक टेकवत ते खाली आले, आणि शेवटून चौथ्या ओळीवर थांबले.

"नान पाच लावलेत. आपण चार खाल्ले."

मी म्हटलं, "जाऊ द्या ना बाबा." त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, हात वर केला. मॅनेजर आला, माफी मागितली, पाच मिनिटांत नवं बिल आलं. करासकट ३२४ रुपये ५० पैसे कमी. बाबांनी तेही बिल पुन्हा वरपासून खालपर्यंत तपासलं आणि मग माझ्याकडे दिलं. "आता भर."